मेण

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा यंदा भैरीच्या देवळासमोर,
मांडव सरपंचांच्या मेव्हण्याचा,
पेटी माझी.
"आधी दोन मिनिटं काहीतरी सात्त्विक वाजवा," ग्रामसेवक म्हणाला,
"मग ठराव घेऊ."

आठवा गटाराचा होता, दहावा जेट्टीवरच्या दिव्यांचा.
मधे हा, नववा:
सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली देवळातली समई गेली म्हणून
कोळखारच्या ग्रामस्थांनी कातकरवाडीतल्या गोम्या हिलम यास
केलेल्या मारहाणीबद्दल
(आधी "विचारपूस" लिहिलं होतं, वर रेघ ओढलेली दिसते)
ही सभा जाहीर माफी मागते.

समई गेल्या वैशाखात सापडली.
देवळाच्या विहिरीतला गाळ काढताना,
उलटी रुतलेली.
कुणी काही बोललं नाही. चिंच लावून घासली,
लख्ख निघाली.

ठरावात नावं नाहीत, नुसते ग्रामस्थ.
एक ग्रामस्थ माझे वडील.
पुढची तीस वर्षं त्यांनी त्याच हातांत टाळ धरला,
सम कधी चुकली नाही.

माफी मागायची ती वाडी मात्र रिकामी.
माणसं पेणच्या पुढे वीटभट्ट्यांवर,
उचल दिवाळीतच घेऊन झालेली.
हे तारीख ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नाही.
आली ती अकरा जणं: सात पोरं, दोन म्हातारे, एक बाळंतीण
आणि गोम्याची मुलगी.
माईकवरून "श्रीमती चिमीबाई हिलम" म्हणाले
तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं,
कोण ती.

शाल दिली, नारळ दिला,
आणि थाळी.
पितळी, काठाला पोचा आलेली.
त्या दिवशी चोरीचा माल म्हणून तिच्या घरातून आणलेली,
मग कोठीत, मग आरतीत,
मग पावतीपुस्तकाशेजारी सुट्ट्या पैशांसाठी.
मीच कितीदा तिच्यात रुपया टाकलाय.
खण्ण. तेवढाच तिचा आवाज, मला वाटायचं.

चिमीबाईनं नारळ खाली ठेवला.
थाळीच्या मधोमध अंगठा फिरवला, परत फिरवला.
"मेन कुठं हाय?"

सरपंचांना कळेना.
"हितं बाबाचं मेन व्हतं. त्यात काडी उभी.
वरून खाली बोटं वडली का थाळी गायची.
मानूस मेला का रातभर.
त्याला वाट गवसावी म्हनून."
मग थाळीकडेच बघत:
"बाबा मेला तवा ही तुमच्या देवलात व्हती."

टाळ्यांसाठी उचललेले हात
काही जणांनी केसांवरून फिरवले.

दुकानातून मेणबत्ती आणली कुणी, वितळवली.
झाडूची काडी लावली. पडली.
पुन्हा लावली. पडली.
"ह्ये नाय धरत. मव्हाचं लागतं, रानातलं."
रान म्हणजे डोंगराची ती बाजू
जिला आता तारेचं कुंपण आहे
आणि आत निळा तलाव, समुद्र दिसत असताना.

दहावा ठराव एकमताने मंजूर झाला.

निघताना तिला विचारलं, सूर कसा होता.
ती तोंड मिटून गुणगुणली, लांब,
मधमाशी हंड्यात अडकावी तसं.
रात्री पेटी काढून शोधत बसलो.
काळी दोनच्या वर जातो,
पांढरी तीनला पोचत नाही.
तिथे पट्टी नाही. लाकडात एक फट आहे,
भाता तिथून नुसता श्वास सोडतो.

कुंपणाच्या आत, टाकीखाली, सातेरीचं पोळं आहे म्हणतात.
वॉचमनला विचारलं.
तो म्हणाला, मालकांना विचारावं लागेल.
मालक दुबईला.
मी दर रविवारी फाटकाशी जातो,
आता तो लांबूनच मान हलवतो.

भट्टीवरची माणसं पावसाच्या तोंडाला परततील.
चिमीबाई थाळी घेऊन गेली नाही.
गेली, पण शाल विसरून.
फक्त एवढं म्हणाली,
"बाबाचं अजून ऱ्हायलंय."